दोन टक्क्यांचा आकडा आला कुठून?

व्याजदर वाढणार की घटणार, यावरची प्रत्येक चर्चा शेवटी एकाच आकड्यापाशी येऊन थांबते. महागाई दोन टक्क्यांच्या वर आहे की खाली? अमेरिका, ब्रिटन, युरो क्षेत्र, जपान, कॅनडा, सगळ्यांचे लक्ष्य तेच. उद्योजकाने नवे यंत्र घ्यायचे की वर्षभर थांबायचे, हेही बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. इतके वजन असलेला हा आकडा एखाद्या सखोल संशोधनातून आला असेल, असे कोणालाही वाटेल. तो तसा आलेला नाही.

त्याआधीचा काळ पाहायला हवा. 1944 च्या ब्रेटन वूड्स करारानुसार 35 डॉलरला एक औंस सोने हा भाव ठरलेला होता आणि इतर चलने डॉलरला बांधलेली होती. 15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि पैशाला धरून ठेवणारा खुंटाच उखडला. दोन वर्षांनी तेलाचा भडका उडाला. थोडी महागाई सोसली तर बेकारी कमी राहते, हा तेव्हाच्या धोरणकर्त्यांचा भरवसा होता. पण सत्तरच्या दशकात महागाई आणि बेकारी हातात हात घालून वाढल्या. महागाई वाढणारच, असे एकदा लोकांनी गृहीत धरले की कामगार तेवढी पगारवाढ आधीच मागतात, कारखानदार तेवढे दर आधीच चढवतात आणि महागाई स्वतःच्याच बळावर चालू लागते.

हे चक्र तोडण्याची किंमत फार मोठी होती, आणि ती कोणी मोजली हे विसरता कामा नये. ऑक्टोबर 1979 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा आवळला. 1981 मध्ये अल्पमुदतीचे व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात पोहोचले. घरे बांधणाऱ्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने फेडरल रिझर्व्हकडे पाठवले. मोटारविक्रेत्यांनी न विकलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. 1982 च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी 10.8 टक्क्यांवर होती. महागाई उतरली, पण धंद्याचे गणित चुकले नसतानाही निव्वळ कर्जाच्या व्याजाने कित्येक व्यवसाय बुडाले.

आकडा मात्र अमेरिकेत जन्मला नाही. तो आला न्यूझीलंडमधून. तिथे 1987 मध्ये महागाई 18 टक्क्यांच्या पुढे गेली होती. ती उतरू लागल्यावर लोक समाधान मानून सैल होतील, अशी धास्ती अर्थमंत्री रॉजर डग्लस यांना होती. 1988 मधल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत ते बोलता बोलता म्हणून गेले की आपल्याला महागाई शून्य ते एक टक्क्याच्या आसपास हवी आहे. मागे ना समिती होती, ना अहवाल. मापनातल्या त्रुटींसाठी थोडी जागा ठेवून अधिकाऱ्यांनी पुढे शून्य ते दोन टक्के असा पट्टा आखला. डिसेंबर 1989 मध्ये कायदा झाला. मध्यवर्ती बँकेला लक्ष्य दिले गेले आणि ते गाठण्याचे स्वातंत्र्यही. महागाई झपाट्याने खाली आली, बेकारी मात्र 11 टक्क्यांच्या आसपास गेली.

एका छोट्या देशाचा हा प्रयोग पाहता पाहता जगभर पसरला: 1991 मध्ये कॅनडा, 1992 मध्ये ब्रिटन, 1993 मध्ये स्वीडन. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हच्या जुलै 1996 च्या बंद दाराआडच्या बैठकीत तिच्या संचालक मंडळाच्या सदस्य जॅनेट येलेन यांनी शून्याऐवजी दोन टक्क्यांची बाजू मांडली. त्यांचा मुद्दा मला आजही सर्वांत पटणारा वाटतो. मंदीत पगार थेट कापणे कोणत्याही मालकाला जड जाते, आणि महागाई शून्यावर असेल तर मग माणसेच कमी करावी लागतात. थोडी महागाई असली की पगार न कापताही खर्चाचा भार हलका होतो. शिवाय व्याजदर कमी करायला जागा उरते. फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी हा आकडा बाहेर जाऊ नये अशी ताकीद दिली. अमेरिकेने तो उघडपणे स्वीकारला तो थेट जानेवारी 2012 मध्ये. भारताने 2016 मध्ये स्वतःसाठी चार टक्के, दोन टक्के इकडेतिकडे, अशी वेगळी चौकट निवडली.

दोनच का, चार का नाही, हा प्रश्न आधीच विचारला गेला होता. 2008 च्या संकटानंतर व्याजदर शून्यावर आपटले आणि आणखी खाली जायला वाव राहिला नाही. तेव्हा, 2010 मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लँशार यांनी चार टक्क्यांचा विचार करावा असे सुचवले. मध्यवर्ती बँकांनी मनावर घेतले नाही. एकदा लक्ष्य हलवले की ते पुन्हा हलेल असे लोक धरून चालतील, हे त्यांचे उत्तर. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

कारण 2022 मध्ये हाच आकडा पुन्हा महाग पडला. जूनमध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्के झाली आणि शून्याजवळचे व्याजदर जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले गेले. स्वस्त पैशाच्या काळात ज्यांनी दीर्घ मुदतीचे कर्ज स्थिर दराने बांधून घेतले होते, त्यांना झळ कमी बसली. खेळत्या भांडवलासाठी दर काही महिन्यांनी बँकेच्या दारात जावे लागते अशा छोट्या व्यवसायांना ती लगेच बसली.

आणि न्यूझीलंड? तिथे 2018 मध्ये कायदा बदलून महागाईच्या जोडीला रोजगाराचे उद्दिष्टही मध्यवर्ती बँकेवर सोपवले गेले. डिसेंबर 2023 मध्ये नव्या सरकारने ते काढून टाकले.