सिकलसेल तपासणी (सार्वजनिक आरोग्य)

हिमोग्लोबिन-एस (रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे सदोष रूप) या जनुकीय दोषाचे वाहक आणि रुग्ण लोकसमूहातून शोधून त्यांना समुपदेशन व उपचार पुरवण्याचा सार्वजनिक आरोग्य कार्यक्रम. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आनुवंशिकी वैद्यकीय महाविद्यालयांतून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत उतरली ती मुख्यतः थॅलसेमिया (हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा आनुवंशिक आजार) आणि सिकलसेल या दोन आजारांच्या निमित्ताने. परिभाषाकोशांत ‘दात्रकोशिका’ (दात्र म्हणजे विळा) असा शब्द सापडतो. विदर्भात आणि खानदेशात मात्र रुग्णापासून डॉक्टरपर्यंत सगळे ‘सिकलसेल’च म्हणतात, आणि तपासणी झालेला माणूस ‘मी एएस’ (एका पालकाकडून सदोष जनुक आलेला वाहक) किंवा ‘मी एसएस’ (दोन्ही पालकांकडून आलेला रुग्ण) असे सांगतो.

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच तो फरक; तो १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी निश्चित केला. वाहकांना हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांचे १९५४ चे प्रतिपादन आज सर्वमान्य आहे.

भारतातील उगमाचा प्रश्न इतका सरळ नाही. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत हा दोष नोंदवला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील स्थलांतरित मजुरांतही तो आढळला. मध्य भारतातील आढळ शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाचा समजला जाई. भारतातील आढळ कसा समजावून घ्यायचा, यासाठी लेहमन यांनी जनुकाचा उगम अरबी द्वीपकल्पात मानला आणि तेथून तो एकीकडे आफ्रिकेत व दुसरीकडे भारतात पसरला असे सुचवले. त्यांचा युक्तिवाद बराचसा ‘वेड्डॉइड’ या आता टाकून दिलेल्या वंशकल्पनेवर उभा होता. त्यामुळे तो पुढे मागे पडला. मात्र भारत आणि अरबस्तान यांना जोडणारा धागा त्यातून पहिल्यांदा पुढे आला.

१९७८ नंतर डीएनए ठरावीक जागी कापून तपासण्याची तंत्रे आली आणि वाद नव्या पायावर गेला. एस जनुकाभोवतीच्या डीएनएचे ठरावीक नमुने, म्हणजे हॅप्लोटाइप, तपासता सेनेगल, बेनिन, बांटू आणि कॅमेरून असे आफ्रिकी गट पडले. पूर्व सौदी अरेबिया आणि भारत यांचा नमुना या सर्वांहून वेगळा, पण आपसात सारखा निघाला (कुलोझिक व सहकारी, १९८६). यावरून उत्परिवर्तन अनेकदा, स्वतंत्रपणे घडले असे मत रूढ झाले. भारतातील परस्परांपासून दूरच्या आदिवासी गटांतही हाच नमुना सापडल्याने देशातील जनुकाचे मूळ एकच असावे, असे १९८९ मध्ये मांडले गेले. याउलट २०१८ मध्ये श्रायनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचाच्या माहितीवरून एकच उगम, तोही आफ्रिकेत, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, असा निष्कर्ष काढला. त्यांचे नमुने प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांचे असल्याने भारतापुरता तो निर्णायक मानणे घाईचे ठरेल. अरबी-भारतीय नमुन्याचा स्वतंत्र उगम सध्या तरी अधिक संभाव्य दिसतो. अरबस्तानातून भारतात की उलट, हे त्यातून ठरत नाही.

हा वाद केवळ इतिहासाचा नाही. अरबी-भारतीय नमुन्यासोबत गर्भीय हिमोग्लोबिनचे (गर्भावस्थेतले, पेशींना विळ्याचा आकार येऊ न देणारे रूप) प्रमाण मोठेपणीही जास्त राहते, आणि त्यामुळे आजार सौम्य असतो असे ओडिशातील रुग्णांच्या अभ्यासांवरून मानले गेले. नागपूर परिसरातील नोंदींत मात्र वारंवार वेदना, जंतुसंसर्ग आणि रक्त भरण्याची गरज असलेली मुले पुष्कळ आहेत. ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून गेलेले बरे.

तपासणीचे तंत्र स्वस्त आहे. गावपातळीवर विद्राव्यता चाचणी चालते. सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब टाकतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीमागे छापील रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निर्दोष. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर हिमोग्लोबिन-एस आहे. पण वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांतला फरक ही नळी सांगत नाही. त्यासाठी बहुधा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्या) लागते, म्हणजे नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. अहवाल परत येईपर्यंत शाळेतले मूल सुट्टीत घरी गेलेले असते आणि कुटुंब कामासाठी गाव सोडून गेलेले असते. कार्यक्रम रेंगाळतो तो बहुधा या टप्प्यावर. तान्ह्या बाळात गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर असल्याने विद्राव्यता चाचणी फसवी ठरते. तेथे टाचेतून रक्त घेऊन बहुधा थेट एचपीएलसी करतात.

तपासणी कोणाची करावी, यावर दोन परंपरा आहेत. पहिली विवाहापूर्वी वाहक शोधण्याची. थॅलसेमियाबाबत सायप्रसने ती यशस्वी केली. इराणने १९९७ पासून विवाहेच्छूंची तपासणी बंधनकारक केली. ग्रीसमधील ओर्खोमेनोस गावाचा अनुभव उलटा आहे: तेथे सिकलसेल वाहकांची तपासणी आणि समुपदेशन झाल्यावर काहींनी वाहकपण लपवून लग्ने केली, वाहकांवर शिक्का बसला आणि वाहकाची वाहकाशी जोडी जुळण्याचे प्रमाण फारसे बदलले नाही. दुसरी परंपरा नवजात तपासणीची. जमैकात किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात १९७३ ते १९८१ या काळात सलग १,००,००० बाळांची तपासणी झाली आणि सापडलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. प्लीहेत अचानक रक्त साठून बालके दगावत, म्हणून आयांना बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटे ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले, मृत्यू घटले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने बालकांतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रोजच्या पेनिसिलिनचा उपयोग सिद्ध केला. प्रस्तुत नोंदकाराचा कल दुसऱ्या परंपरेकडे आहे, कारण तीत तपासणीचा लाभ तपासलेल्या मुलालाच मिळतो.

महाराष्ट्रात राज्य कार्यक्रम २००८ च्या सुमारास आदिवासीबहुल जिल्ह्यांतून सुरू झाला, गुजरातचा त्याआधीचा. राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचे उद्घाटन १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन अशी त्याची उद्दिष्टे आहेत. ‘निर्मूलन’ हा शब्द देवीच्या रोगाला शोभणारा. वाहक कायम राहणार असल्याने येथे त्याचा अर्थ आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न न उरणे एवढाच घ्यावा लागतो. तपासलेल्यांना निकालाचे कार्ड दिले जाते. आईवडील दोघेही एएस असल्यास प्रत्येक गरोदरपणात एसएस मुलाची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले की ‘आता पुढची तीन चांगली’ असा हिशोब घरात मांडला जातो, आणि समुपदेशकाचा निम्मा वेळ तो खोडण्यात जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असून प्रमाणपत्र मिळू शकते.

उपचारांत हायड्रॉक्सियुरिया मुख्य. ते गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते, वेदनेचे झटके कमी करते. अधूनमधून रक्तपेशींची मोजणी आवश्यक. रोज घ्यायच्या या गोळीचा साठा गावाजवळच्या केंद्रात असावा लागतो. तो संपला की रुग्णाला तालुक्याची एसटी धरावी लागते. प्रौढांसाठी ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सोयीची आहे, पण मात्रा वजनावर ठरत असल्याने १० किलोच्या मुलाला ती अख्खी देता येत नाही.