आठ दिवसांचं आयोडिन, जन्मभराची गोळी

१ मार्च १९५४ च्या पहाटे अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी या प्रवाळबेटावर ‘कॅसल ब्राव्हो’ नावाचा हायड्रोजन बॉम्ब उडवला. अंदाज सुमारे सहा मेगाटनांचा होता, स्फोट झाला पंधराचा. काही तासांनी, दीडशे किलोमीटरहून दूरच्या रोंगेलाप बेटावर पांढरी भुकटी पडू लागली. ती होती जळालेल्या प्रवाळाची किरणोत्सारी राख. ती पिण्याच्या पाण्यात गेली, अन्नावर बसली; मुलं तिच्यात खेळली. मग अंगाची आग आणि उलट्या सुरू झाल्या. लोकांना बेटावरून हलवेपर्यंत दोन दिवस उलटले होते.

कातडी भाजली, केस गळले. काही महिन्यांत जखमा भरल्या, केसही परत आले. पण खरा घाव गळ्यात होता.

थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक बनवायला आयोडिन लागतं. साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला कळत नाही; मिळेल ते ती ओढून घेते. राखेतलं किरणोत्सारी आयोडिन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्याची काही भावंडं तर तासांतच विरतात. मात्र तेवढ्यात ग्रंथीच्या पेशींचं नुकसान होऊन जातं. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी, म्हणून तेवढ्याच आयोडिनाचा मारा तिच्या प्रत्येक कणावर कितीतरी जास्त बसतो.

नऊ वर्षं गळ्यात काहीच दिसलं नाही. १९६३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या थायरॉइडमध्ये गाठ सापडली. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडल्याने दोन मुलग्यांची वाढ खुंटली होती. राख पडली तेव्हा दहा वर्षांखाली असलेल्या रोंगेलापच्या बहुतेक मुलांना पुढे अशा गाठी झाल्या. शस्त्रक्रियेसाठी त्यांना बेटापासून हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत न्यावं लागे.

१९६५ पासून संप्रेरकाच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी आपल्याकडेही घरोघरी ओळखीची आहे. रोंगेलापवर तिचं काम दुहेरी होतं. शरीरातली उणीव ती भरून काढतेच. शिवाय बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला डिवचणं कमी करते, त्यामुळे दुखावलेल्या पेशी वाढण्याची शक्यता घटते. पण ही गोळी रोज, न चुकता, जन्मभर घ्यायची असते. आणि डॉक्टर तर जहाजाने अधूनमधून येणारे.

हे डॉक्टर अमेरिकेच्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे होते. तपासणारे तेच आणि अभ्यास करणारेही तेच. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत पाठवलं, तेव्हा तिथल्या राहण्यातून मोलाची माहिती मिळेल, असं त्यांच्याच अहवालात नोंदलं गेलं. आपलं रक्त औषधासाठी घेतात की नोंदवहीसाठी, हा बेटवासीयांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. विश्वास उडाला की रुग्ण गोळीही बाजूला ठेवतो.

मातीत किरणोत्सारी सीझियम-१३७ उरलं होतं, तीस वर्षांनी निम्मं होणारं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून त्याच्यासारखंच वागणारं सीझियम नारळाचं झाड शोषून घेतं आणि ते खोबऱ्यातून माणसात उतरतं. १९८५ मध्ये लोकांनी स्वतःहून बेट सोडलं; ‘ग्रीनपीस’च्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने त्यांना मेजाटो या बेटावर नेलं.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची खास वैद्यकीय योजना १९५४ मध्ये राखेखाली सापडलेल्या रोंगेलाप आणि उटिरिक या बेटांवरच्या लोकांसाठी आहे. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांनीही आता सत्तरी ओलांडली. १९५७ नंतर रोंगेलापवर जन्मून तिथलंच खोबरं खात वाढलेली मुलं मात्र त्या यादीत नाहीत.