कीचकवधापासून ‘नोस्फेरातू’पर्यंत: जुना पडदा अजून घाबरवतो का?

2024 च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला आणि 2018 च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त चालला. त्याच वर्षाच्या शेवटी रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा ‘नोस्फेरातू’ नव्यानं आला, 2025 मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’. असं काही आलं की मूळ चित्रपटांची आठवण निघते आणि मागोमाग तो ठरलेला वादही: शंभर वर्षांपूर्वीचे, साठ वर्षांपूर्वीचे भयपट आजच्या पोरांना घाबरवतात का? कोल्हापुरात हा वाद कॉलेजच्या कट्ट्यावर रंगतो, तसाच शाहू स्मारकात एखादा जुना चित्रपट बघून बाहेर पडलेल्या मंडळींतही रंगतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. राक्षस म्हातारे झाले, सावल्या झाल्या नाहीत. आणि सावलीचं हे बळ ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्यांत आपल्याच गावचा एक माणूस होता.

बाबुराव पेंटर, म्हणजे बाबुराव कृष्णराव मेस्त्री, मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी काम सोडलं नाही, कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1920 मध्ये कंपनीचा पहिला चित्रपट आला, ‘सैरंध्री’. त्यात बाळासाहेब यादवांचा भीम होता आणि झुंजारराव पवारांचा कीचक. कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर आलं की सेन्सॉरनं ते कापायला लावलं. चित्रपट पौराणिक, गोष्ट घराघरात पाठ, शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी लोक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच काळात.

पुढे काय होणार हे माहीत असलं की भीती मरते, असं आज सर्रास म्हटलं जातं. ‘सैरंध्री’चा अनुभव याच्या उलट आहे. कीचक मरणार हे ठाऊक असलेल्याच प्रेक्षकाला ते बघवलं नाही. तालमीच्या हौद्यात कुस्ती बघितलेल्या माणसाला देहाचा चोळामोळा म्हणजे काय हे नीट कळतं, आणि पडदा त्याला ते हातभर अंतरावरून दाखवत होता. हे दृश्य आज काय परिणाम करेल, हे तपासायची सोय मात्र उरलेली नाही. नायट्रेटच्या फिल्मवरचे आपले बहुतेक मूकपट जळून, कुजून गेले, ‘सैरंध्री’ही त्यांच्यातच गेला. मराठी माणसानं याची हळहळ पुरेशी केलेली नाही, असं मला कायम वाटत आलं आहे.

बाबुरावांची दुसरी देणगी प्रकाशाची. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिवे वापरून रात्र उभी केली. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर भुताखेताचा मागमूस नाही. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट, शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पण मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात पुढे कित्येक वर्षं राहिलं ते त्यातलं एक दृश्य: मंद उजेडात घेतलेली भकास झोपडी आणि भुंकून गळा काढणारा कुत्रा. मूकपटातला कुत्रा, म्हणजे त्याचा आवाजही नाही. तो आवाज बघणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यात भरला. भयपटाचं सगळं शास्त्र एवढ्या एका दृश्यात आहे.

ज्या वर्षी ‘सैरंध्री’ आला, त्याच वर्षी बर्लिनमध्ये रॉबर्ट वीनेचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ लागला. तिथेही पडदे रंगवलेलेच. वाकड्या भिंती, तिरक्या खिडक्या, जमिनीवर रंगानं काढलेल्या सावल्या. दोन वर्षांनी जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा मूळ ‘नोस्फेरातू’ आला. या जर्मन वळणाचा आणि कोल्हापूरच्या शाळेचा धागा पुढे खरोखर जुळला. 1929 मध्ये इथे स्थापन झालेल्या प्रभात कंपनीनं 1933 मध्ये ‘सैरंध्री’ पुन्हा काढला, तोही रंगीत, आणि त्या कामासाठी शांताराम जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण परतल्यावर, कंपनी पुण्याला हलल्यानंतर, त्यांनी ‘अमृतमंथन’ केला. त्यात बळीचा आग्रह धरणारा राजगुरू आहे, आणि हिंदी आवृत्तीत त्या भूमिकेतल्या चंद्रमोहनचा एकच डोळा पडदा व्यापून टाकतो. तो डोळा आज मोठ्या पडद्यावर बघा. काही घडत नाही, फक्त तो बघत राहतो, आणि आपण खुर्चीत अंग चोरतो.

मग आजची पोरं जुने मूकपट बघून हसतात ती का? बऱ्याचदा दोष चित्रपटाचा नसतोच. मूकपट हातानं कॅमेरा फिरवून घेतलेले असत, सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रं. बोलपट आल्यावर वेग 24 ला पक्का झाला. जुनी फिल्म या नव्या वेगानं फिरवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि पिशाच्चसुद्धा विदूषक दिसतं. दुसरी गोष्ट रंगाची. तेव्हाच्या फिल्मवर रात्री चित्रण करणं फार अवघड, म्हणून ‘नोस्फेरातू’ची रात्र दिवसाउजेडी घेतली आणि प्रतीला निळा रंग देऊन अंधार केला. चित्रपट ज्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगीशिवाय काढला होता, तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी हक्कांवरून खटला लढवला, न्यायालयानं प्रती नष्ट करायला सांगितलं, आणि इकडेतिकडे वाचलेल्या प्रतींवरून पुढे निव्वळ काळ्या-पांढऱ्या नकला निघत राहिल्या. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी उन्हात मरणारा पिशाच्च भर उन्हात हिंडताना बघितला. मग हसू येणार नाही तर काय! दुरुस्त केलेली, निळाई परत मिळालेली प्रत योग्य वेगानं आणि जिवंत संगीताबरोबर बघितली की जिन्यावरून चढणाऱ्या त्या सावलीपुढे सभागृह गप्प होतं.

1931 मध्ये हॉलीवूडच्या युनिव्हर्सल कंपनीनं ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकाच वर्षात आणले. बेला लुगोसीचा ड्रॅक्युला आता घाबरवत नाही, हे मान्य करायला हवं. त्याची इतकी नक्कल झाली की मूळ माणूसच नकलाकार वाटतो. बोरिस कार्लोफचा राक्षस टिकला, कारण त्याच्याकडे बघून भीतीबरोबर कणवही येते. ‘ड्रॅक्युला’त एक वेगळी गंमत मात्र आहे. सुरुवातीची नामावली सोडली तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. प्रत्येक दाराच्या करकरीवर ढोल वाजवणाऱ्या आजच्या चित्रपटांनंतर ती शांतता जड जाते.

1942 चा ‘कॅट पीपल’ तुलनेनं कमी लोकांनी बघितला आहे, पण माझ्या लेखी या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर तोच. पैसे थोडे, म्हणून निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टूर्नर यांनी श्वापद शक्यतो दाखवलंच नाही. एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागून पावलं येतात, पावलं थांबतात, आणि अचानक फिस्स करून पडद्यावर घुसते ती बस. दचकवायची ही युक्ती पुढे हजारो चित्रपटांनी उचलली, तरी मूळ दृश्यात अजून दचकायला होतं. दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे. ती विचार करून होत नाही, त्यामुळे शहाणपणानं थांबतही नाही.

1960 च्या ‘सायको’साठी दिग्दर्शक हिचकॉकनं थिएटरवाल्यांना बजावलं होतं की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं त्याचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यांवर ती किंकाळी रचली आणि हिचकॉकनं मत बदललं. आज ते दृश्य सगळ्यांना आधीच माहीत असतं, धक्का उरलेला नाही. उरते ती त्यानंतरची साफसफाई. एक माणूस शांतपणे फरशी पुसतो, आणि आपल्याला वाटायला लागतं की त्याला कुणी पकडू नये. मला ‘सायको’तलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

1973 चा ‘एक्झॉर्सिस्ट’ बघताना अमेरिकेत माणसं चक्कर येऊन पडली. त्याला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं, आणि त्या ध्वनीत डुकरांचे आवाज, मधमाश्यांची गुणगुणही मिसळली होती. पण कोल्हापूर भागातल्या प्रेक्षकाचं त्याच्याशी नातं निराळं. हलगी-ढोलाच्या नादात अंगात आलेली बाई ज्यानं लहानपणापासून बघितली, त्याला झपाटलेली मुलगी नवी नाही. लॅटिन मंत्र आणि क्रूस यांनी त्याच्या पोटात गोळा येत नाही. त्याची भीती मुंजाची, हडळीची, अमावास्येला तिकटीवर टाकलेल्या लिंबाची. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर वाढलेली पिढी भानामतीवर विश्वास ठेवत नसेल, तरी ते लिंबू ओलांडताना पाय क्षणभर थबकतोच. श्रद्धा गेली तरी सवय राहते, आणि भयपट त्या सवयीवरच जगतो.

म्हणूनच इथे चाललेली भुतं इथलीच होती. 1949 च्या ‘महल’पासून हिंदीनं बाईच्या आवाजात, गाण्यात भूत आणलं. मराठीत 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’नं तेच केलं. त्यातलं ‘काजळ रातीनं’ रात्री एकट्यानं ऐकायला अजून नको वाटतं. रामसे बंधूंनी 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’चं चित्रण आपल्या जवळच्याच महाबळेश्वरला केलं आणि पुढे 1984 च्या ‘पुराना मंदिर’नं बक्कळ कमाई केली. मोठ्या शहरांनी नाकं मुरडली, तालुक्याच्या थिएटरांनी हे चित्रपट डोक्यावर घेतले. त्यांचे मुखवटे आज रबरी दिसतात, तेव्हाही दिसत असणार. भीती खरी होती ती शेवटचा शो सुटल्यावर सायकलवरून घरी जाण्याच्या वाटेवर.

हा भाग चर्चेत विसरला जातो. त्या काळचा प्रेक्षक पद्मा, उषा, रॉयल किंवा व्हीनस थिएटरला जाऊन बसायचा. दिवे गेले की उठून जायची लाज वाटायची, शेजारचा दचकला की आपणही दचकायचो. भीती संसर्गानं पसरते. आजचा मुलगा तोच चित्रपट बसमध्ये, फोनवर, उजेडात, मधे चार निरोप वाचत बघतो आणि ‘काय घाबरायचं यात’ म्हणतो. त्या परिस्थितीत कुठलाच चित्रपट घाबरवणार नाही, नवाही नाही. शिवाय आपल्याकडे मध्यंतर आहे. ‘सायको’चा खून साधारण पाऊण तासानं होतो. त्यानंतर लगेच दिवे लावून वडा विकला, तर हिचकॉकनं महत्प्रयासानं बांधलेली गाठ तिथेच सुटते.

गावात कलामहर्षी बाबुराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, तिचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, तबला-पेटी वाजवणारे कलाकार तर गल्लोगल्ली आहेत. त्यांनी एकदा ‘नोस्फेरातू’ची निळी प्रत योग्य वेगानं लावावी, समोर आपले वादक बसवावेत, फोन दारात ठेवून घ्यावेत आणि मध्यंतर करू नये. तिकिटाच्या रांगेत पहिल्यांदा मीच उभा राहीन, आणि माझ्यामागे कॉलेजची पोरं असावीत, अशी माझी फार इच्छा आहे.