बिग हाऊस गेन्स : तात्पुरत्या नोकरीची ४७ वर्षे

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे क्लॅरेन्स गेन्स यांनी १९४६ ते १९९३ अशी सलग ४७ वर्षे कृष्णवर्णीयांच्या एकाच महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाला प्रशिक्षण दिले आणि ८२८ विजय मिळवले. विद्यार्थिदशेत मात्र त्यांचे नाव गाजले होते ते फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू काखेत घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये.

गेन्स यांचा जन्म १९२३ साली केंटकीतील पडूका येथे झाला. शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंत सारे काही वंशभेदाने विभागलेले असल्याने ते बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथील व्यवस्थापकाने त्यांचा सुमारे १२० किलोंचा देह पाहून, याच्याहून मोठे असे आपण फक्त घरच पाहिले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि ‘बिग हाऊस’ हे नाव त्यांना जन्मभरासाठी चिकटले. फुटबॉलमध्ये त्यांची देशपातळीवरील सर्वोत्तम कृष्णवर्णीय महाविद्यालयीन खेळाडूंत निवड झाली. शिवाय ते बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धांतही उतरत. मॉर्गनचे प्रशिक्षक एडवर्ड हर्ट स्वतःच हे तिन्ही खेळ शिकवत असत. तुटपुंज्या पैशांवर चालणाऱ्या अशा महाविद्यालयांत एकाच माणसाने अनेक खेळ सांभाळणे हीच रीत होती, आणि गेन्स यांची घडण याच रीतीतून झाली, असे मला वाटते.

१९४५ साली रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या गेन्स यांना दंतवैद्य व्हायचे होते. तोवर काही काळ विन्स्टन-सेलमला जाऊन तेथील प्रशिक्षक ब्रूटस विल्सन या मॉर्गनच्याच माजी विद्यार्थ्याला मदत करावी, असे हर्ट यांनी सुचवले. वर्षभरात विल्सन दुसरीकडे गेले आणि २३ वर्षांच्या गेन्स यांच्याकडे फुटबॉल व बास्केटबॉलचे प्रशिक्षण, क्रीडा विभागाची जबाबदारी, जायबंदी खेळाडूंची देखभाल आणि तिकिटांचा हिशेबही आला. १९४९च्या हंगामानंतर त्यांनी फुटबॉल संघ सोडला. बास्केटबॉल मात्र सुटले नाही.

या खेळाचे धडे त्यांनी गिरवले ते प्रतिस्पर्ध्यांकडे पाहून, विशेषतः जॉन मॅक्लेंडन यांच्याकडे पाहून. मॅक्लेंडन कॅन्सस विद्यापीठात बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकले होते, पण वर्णामुळे तेथील संघात त्यांना खेळता आले नव्हते. चेंडू हाती येताच प्रतिपक्ष सावरण्याआधी धावत सुटायचे, ही ‘फास्ट ब्रेक’ची शैली त्यांनी नॉर्थ कॅरोलायनात रुजवली आणि गेन्स यांच्या संघांनीही ती आपलीशी केली.

त्याच गावातील गौरवर्णीयांचे वेक फॉरेस्ट विद्यापीठ आणि गेन्स यांचा संघ यांच्यात त्या काळी अधिकृत सामना होणे अशक्य होते. तरीही वेक फॉरेस्टचा बिली पॅकर आणि गेन्स यांचा क्लिओ हिल यांच्या पुढाकाराने दोन्हीकडची मुले गाजावाजा न करता एकत्र खेळत. हिल यांना १९६१ साली व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्याच फेरीत निवडले. त्यानंतर फिलाडेल्फियाचा अर्ल मन्रो आला आणि १९६६-६७च्या हंगामात त्याने प्रत्येक सामन्यात सरासरी ४१.५ गुण मिळवले. त्या हंगामात ३१ सामने जिंकून व अवघा एक गमावून विन्स्टन-सेलमने लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला ‘एनसीएए’ या राष्ट्रीय संघटनेचे बास्केटबॉल विजेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना खुले झाले. ही न्याय्य गोष्ट होण्यास आधीच फार उशीर झाला होता. मात्र मन्रोसारखी मुले आता तिकडे जाऊ लागली आणि लहान महाविद्यालयांचा खेळाडूंचा झरा आटत गेला. गेन्स आणखी पाव शतक तिथेच राहिले. १९८२ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. १९९३ साली ते निवृत्त झाले तेव्हा महाविद्यालयीन विजयांत त्यांच्या पुढे केवळ केंटकी विद्यापीठाचे अ‍ॅडॉल्फ रप हे ८७६ विजयांसह होते.