जुना चार्जर आणि नवी लिथियम बॅटरी: जोडण्याआधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की फोंड्याच्या आमच्या दुकानात रोज एकच प्रश्न येतो. "पाण्याची बॅटरी काढून लिथियम बसवतो, पण इन्व्हर्टर तोच चालेल ना?" स्कूटरवाले विचारतात, "चार्जर चांगला आहे, तोच लावू का?" हो किंवा नाही म्हणून भागत नाही, म्हणून हे पत्रक.

बॅटरीवर छापलेला १२ किंवा ४८ हा आकडा ओळखीपुरता असतो. चार्जर जुळतो की नाही, ते त्यावरून कळत नाही. तो व्होल्टेज कुठपर्यंत चढवतो आणि बॅटरी भरल्यावर काय करतो, हे बघायला हवे.

पाण्याच्या, म्हणजे शिशाच्या, १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्जर तिला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि मग १३.५ ते १३.८ वर धरून ठेवतो, कारण शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते. काही चार्जर अधूनमधून १५.५ व्होल्टच्याही पुढे जाऊन सगळे सेल सारखे करतात, किंवा प्लेटांवरचा सल्फेट सुटावा म्हणून झटके देतात. शिशाला हे औषध आहे, लिथियमला मात्र ते बाधते.

इन्व्हर्टरसाठी आम्ही देतो ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे एलएफपी. तिचे चार सेल प्रत्येकी ३.६५ व्होल्टपर्यंत भरतात, एकूण १४.६. हा आकडा शिशाच्या १४.४ ला लागूनच आहे, म्हणून झटके न देणारा साधा इन्व्हर्टर बहुधा चालून जातो. मागे बॅटरीचा प्रकार निवडायचे बटण असेल, तर आधी आम्हाला फोटो दाखवा. त्यातले कुठले स्थान योग्य ते पाहून सांगू. मात्र दोन बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये एक शिशाची आणि एक लिथियमची, असे कोणी सांगितले तरी करू नका.

स्कूटरची गोष्ट वेगळी आहे आणि आम्हाला खरी काळजी तिचीच वाटते. ४८ व्होल्टच्या शिशाच्या संचात चार बॅटऱ्या असतात आणि त्यांचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. स्कूटरच्या ४८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये पुष्कळदा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या लिथियमच्या दुसऱ्या जातीचे तेरा सेल असतात. असा सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे तेरांचे मिळून ५४.६ झाले. जुना चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टचा ताण येतो. मध्ये उभे असते फक्त बीएमएस, म्हणजे पॅकमधले राखणदार सर्किट. ते चुकले, तर सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. बीएमएस अडीअडचणीसाठी आहे, त्याच्या भरवशावर रोज रात्री चार्जिंग करू नये. म्हणून चार्जरच्या मागच्या लेबलवरचा आउटपुटचा आकडा पॅकच्या आकड्याशी ताडून पाहा. प्लग बसला म्हणजे चार्जर जुळला, असे नव्हे.

गेल्या चवथीनंतर सत्तरीहून एक गृहस्थ एलएफपी बॅटरी घेऊन आले. "मेली," म्हणाले. रात्रभर वीज नव्हती, माटोळीभोवतीचे दिवे इन्व्हर्टरवर चालू राहिले, आणि सकाळी वीज आली तरी चार्जिंग सुरूच होईना. आम्ही टर्मिनलला मीटर लावला, तर आकडा जवळजवळ शून्य. बॅटरी मेली नव्हती. ती खूप उतरली म्हणून बीएमएसने वाट बंद केली होती. शिशाचे बरेच चार्जर आधी समोर व्होल्टेज आहे का ते बघतात आणि नसेल तर सुरूच होत नाहीत. लिथियमच्या चार्जरवर लावल्यावर थोड्याच वेळात मीटर बारावर आला. तेव्हा अशी वेळ आली तर बॅटरी भंगारात देऊ नका, आमच्याकडे आणा. बॅटरी उघडणे किंवा दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून तिला उठवणे मात्र अजिबात नको.

इन्व्हर्टरच्या समोरच्या बॅटरीच्या पट्ट्यांवरही विसंबू नका. शिशाची बॅटरी भरून विसावली की १२.७ च्या आसपास असते, तर एलएफपी बराच काळ १३ च्या वर टिकते आणि शेवटी एकदम खाली येते. पट्ट्या पूर्ण दिसतात आणि दिवे जातात, ते यामुळे. उरलेला साठा बघायचा असेल, तर बॅटरीच्या स्वतःच्या डिस्प्लेवर पाहा.

उन्हाळ्यात जिन्याखालच्या बंद कपाटात बॅटरी कायम भरलेली ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. कपाटाला जाळी करा. महिनाभर गावाबाहेर जाणार असाल, तर अर्ध्याच्या आसपास ठेवून चार्जर बंद करा. समुद्राजवळच्या घरात टर्मिनलवर खार धरते, तेवढी पुसत जा.

होडीवाल्यांना एकच सांगणे: इंजिनचा अल्टरनेटर लिथियमला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि बीएमएसने मध्येच वाट बंद केली तर त्याचे डायोड उडतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

पॅक फुगलेला दिसला, हाताला चटका बसावा इतका तापला किंवा गोडसर उग्र वास आला, तर प्लग काढता येत असेल तरच काढा, घरातल्यांना दूर करा आणि आम्हाला फोन करा. तो पॅक पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. जुनी बॅटरी, शिशाची असो वा लिथियमची, कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी गोळा व्हायला हवी. आम्ही परत घेतो.

नवी बॅटरी घ्यायला येताना जुना चार्जर सोबत आणा. तुमच्यासमोर मीटर लावून आकडा बघू आणि तो चार्जरवर चिकटवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.