‘आधीच’ या शब्दाचा घोळ

२२ जून १९६५. चौदा वर्षं रखडलेल्या वाटाघाटींनंतर जपान आणि दक्षिण कोरियाने टोकियोत करारावर सह्या केल्या. त्याचं दुसरं कलम एका वाक्याचं आहे: २२ ऑगस्ट १९१० पर्यंत, म्हणजे जपानने कोरिया गिळंकृत केला त्या करारापर्यंत, जपानी आणि कोरियन साम्राज्यांत झालेले सगळे करार ‘आधीच रद्दबातल’ आहेत.

आधीच म्हणजे कधीपासून? सोलच्या मते मुळापासूनच. धाकाने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. टोकियोच्या मते ते करार तेव्हा कायदेशीर होते, पुढे निरर्थक ठरले. हा शब्द नजरचुकीने राहिलेला नाही. दोघांनाही मायदेशी जाऊन आपापला अर्थ सांगता यावा, हीच त्याची खुबी होती.

सोलचं म्हणणं १९०५ पासून सुरू होतं. त्या वर्षी जपानी सैन्याच्या पहाऱ्यात कोरियाला जपानच्या अंकित करणारा ‘संरक्षणा’चा करार झाला. कोरियाचे सम्राट गोजोंग यांनी तो कधीच मानला नाही. १९०७ मध्ये त्यांनी दाद मागायला हेगच्या आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेत दूत पाठवले. तिथे कुणी दारात उभं केलं नाही आणि इकडे गोजोंग यांचं सिंहासन गेलं. १९१० मध्ये उरलासुरला देशही जपानच्या ताब्यात गेला.

पुढच्या ३५ वर्षांच्या जपानी राजवटीचा हिशेब अर्थतज्ज्ञ आजही मांडतात. रेल्वे आली, कारखाने आले, भाताचं पीक वाढलं, हे खरंच. पण पिकापेक्षा जपानला जाणारा तांदूळ जास्त वेगाने वाढला आणि कोरियन माणसाच्या वाडग्यात मंचुरियाहून आणलेले राळे पडू लागले. नुसतं उत्पादन मोजणाऱ्या तक्त्यात हा वाडगा दिसत नाही. १९४० मध्ये तर जपानी धाटणीची आडनावं घ्यायला लावली गेली. युद्धात मजूर खाणींत आणि कारखान्यांत नेले गेले, स्त्रिया लष्करी कुंटणखान्यांत.

१९६५ च्या सौद्यात जपानने ३० कोटी डॉलरचं अनुदान आणि २० कोटींचं कर्ज देऊ केलं. त्या बदल्यात सगळे दावे ‘पूर्णपणे आणि कायमचे’ मिटले. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना कारखाने उभारायचे होते. त्याआधीच्या वर्षी या वाटाघाटींविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी सोलमध्ये मार्शल लॉ पुकारला होता. बराचसा पैसा उद्योगांत आणि पायाभूत कामांत गेला, पोहांगचा पोलाद कारखाना त्यातलाच. वेठबिगारीतून जिवंत परतलेल्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही.

‘आधीच’चा घोळ ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोर्टात उघडा पडला. वसाहतवादी राजवटच बेकायदा, म्हणून तिच्यातून आलेल्या वेठबिगारीची भरपाई १९६५ च्या करारात बसत नाही, असं म्हणत दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानच्या निप्पॉन स्टील कंपनीला चार मजुरांना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यायला सांगितलं. निकालाच्या दिवशी चौघांपैकी एकच हयात होता. पुढच्या जुलैत जपानने सेमीकंडक्टरला लागणाऱ्या रसायनांची निर्यात आवळली. कोरियन दुकानांतून जपानी बिअर हटली.

मार्च २०२३ मध्ये सोलने तोडगा काढला: भरपाई कोरियन प्रतिष्ठानाने द्यायची, देणग्या कोरियन कंपन्यांनी. काही पीडितांनी हे पैसे घ्यायला नकार दिला. पहिली मोठी देणगी, ४०० कोटी वॉन, दिली ती पोहांगच्या त्याच पोलाद कंपनीने.