मासोळीच्या आधी टाकीत कोण राहायला हवं

वैशाखात भाच्याच्या वाढदिवसाला मी अमरावतीहून काचेची टाकी घेऊन गेलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावेल अशी. सोबत सहा गोल्डफिश. बहिणीचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. संध्याकाळी आम्ही टाकी घासूनपुसून धुतली, पाणी भरलं आणि मासे सोडून दिले. चौथ्या दिवशी ते वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. नवव्या दिवशी शेवटचा गेला. पोरगा फोनवर रडत होता. "मामा, पानी त चकाचक होतं, मंग मासोया कायले मेल्या?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या चकाचक पाण्यातच आहे. नव्या टाकीत काहीच राहत नसतं, आणि मासा जगायचा तर त्याच्या आधी तिथे दुसऱ्या कुणाचं तरी बिऱ्हाड थाटलेलं असावं लागतं.

आपण अन्नातल्या प्रथिनांचा टाकाऊ नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर टाकतो. मासे तेवढी खटपट करत नाहीत. त्यांच्या शरीरात तयार झालेला अमोनिया बहुतांशी कल्ल्यांमधूनच सरळ पाण्यात झिरपतो. म्हणजे मासा श्वास घेतो तिथूनच घाणही टाकतो. नदीत किंवा तलावात हा अमोनिया क्षणात पांगतो. 56 लिटरच्या टाकीत तो साचत जातो. बाहेर अमोनिया वाढला की आतला बाहेर पडेनासा होतो आणि रक्तात चढू लागतो. गुरांचा गोठा दोन दिवस झाडला नाही तर डोळे चुरचुरतात, तोच हा वायू. माशाला मात्र गोठ्याबाहेर जाता येत नाही.

आमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी नडल्या. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं कोमट, तितका विषारी हिस्सा मोठा. 25 अंश तापमान आणि पीएच (पाणी किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7 असेल तर हा हिस्सा जेमतेम अर्धा टक्का असतो. 30 अंश आणि पीएच 8 झाला की साडेसात टक्के, आणि पीएच 8.5 वर गेला तर जवळपास वीस टक्के. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं पाणी मचूळ आणि अल्कधर्मी. त्यात वैशाखाचं ऊन. वर कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. 25 अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 35 अंशाला सातही नाही.

मग तलावात हा अमोनिया जातो कुठे? याचं उत्तर विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पायाखाली आहे. कपाशीला युरिया टाकला की जमिनीत त्याचा अमोनिया होतो आणि तिथले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पिकाची मुळं बराचसा नायट्रोजन याच रूपात उचलतात. टाकीत हवेत ते हेच जिवाणू, नाहीतर त्यांचे सख्खे नातेवाईक.

हे काम जिवाणूंचं आहे हे कसं कळलं, तो प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात नकळत एक टाकीच तयार झाली होती. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ या शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया जसा घातला तसाच खालून बाहेर. मग नायट्रेट दिसू लागलं, आणि पुढे सगळाच अमोनिया नायट्रेट होऊन पडू लागला. ही साधी रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी सुरू झाली असती; वीस दिवस कुणीतरी वाढत होतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलं. ती वाफ काढून थोड्या मातीचं गढूळ पाणी घातलं, तर काही दिवसांनी काम परत सुरू.

तरी ते जिवाणू बरीच वर्षं कुणाच्या हाती लागले नाहीत. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जे पौष्टिक जिलेटिन वापरत, त्यावर ते वाढतच नसत. 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने ओळखलं की यांना आयतं सेंद्रिय अन्न नकोच आहे. ते अमोनिया जाळून ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. काम दोन टप्प्यांत चालतं. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. (दोन्ही टप्पे एकटेच उरकणारे जिवाणूही असतात, हे 2015 मध्ये कळलं. ते ज्या ठिकाणी सापडले, त्यांतलं एक होतं मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेला फिल्टर.)

मधलं नायट्राइटही घातकच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहायला नालायक करतं. रक्त तपकिरी होतं, पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. जास्त नायट्रेट असलेल्या विहिरीच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं तर पोटात त्याचं नायट्राइट होऊन तान्हं बाळ निळं पडू शकतं, त्यामागेही रक्तातली हीच गडबड असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, ही भारतीय मानकाची मर्यादा त्यासाठीच आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, हे गावोगाव सांगायला हवं. माशांच्या बाबतीत मात्र खारं पाणी थोडं कामी येतं. नायट्राइट आणि मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतल्या एकाच दारातून आत शिरतात. क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइट बाहेर राहतं.

जिवाणूंना वेळ का लागतो, ते विरजणावरून लक्षात येईल. दह्यातले जिवाणू उबेत तासाभरात दुप्पट होतात असं धरा. दहा वेळा दुप्पट झाले की एकाचे हजार. रात्री लावलेलं विरजण सकाळी लागतं. अमोनिया जाळून मिळणारी ऊर्जा फार तोकडी, त्यामुळे आपल्या जिवाणूंना दुप्पट व्हायला साधारण दिवस लागतो. एकाचे हजार व्हायला दहा दिवस. त्यात दुसऱ्या गटाचा खुराक म्हणजे पहिल्या गटाने केलेलं नायट्राइट, तेव्हा तो उशिराच जोम धरणार. म्हणून एकंदर महिना-दीड महिना लागतो. हौशी लोक याला टाकीचं सायकलिंग म्हणतात.

जुलैमध्ये आम्ही परत सुरुवात केली. या वेळी मासे नाहीत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि तिच्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं, म्हणून पाणी दोन दिवस उघड्या बादल्यांत ठेवून मग भरलं. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर लावला. जिवाणू पाण्यात तरंगत बसत नाहीत, बुळबुळीत थर करून पृष्ठभागाला चिकटतात. स्पंजच्या लाखो भोकांत त्यांना जागाच जागा. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची, ती सडून अमोनिया होतो. भाच्याच्या बाबांनी विचारलं, युरियाच टाकला तर? नको. 2015 पासून देशात शेतीसाठी तयार होणाऱ्या जवळपास साऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि तो लावतात तेच मुळी या जिवाणूंचा वेग मंदावून खत जमिनीत जास्त दिवस टिकावं म्हणून.

सोयाबीन पेरताना बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळतात, तसं इथेही करता येतं. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा ओलाच आणून नव्या टाकीत टाकला की अर्धं काम होतं. आम्हाला तसा कुणी भेटला नाही. पोरगा दर दोन दिवसांनी टेस्ट किटचे थेंब टाकून वहीत आकडे लिहायचा. आधी अमोनिया चढला. बाराव्या दिवशी तो उतरू लागला आणि नायट्राइट चढलं. हा मधला काळ सर्वांत फसवा असतो. अमोनिया शून्य दिसतो, पाणी काचेसारखं नितळ असतं, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच मासे आणतात.

लाइटीचाही घोर होता. या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो. डब्यासारख्या बंद फिल्टरमध्ये पाणी काही तास थांबलं तरी ते गुदमरू लागतात. उघड्या टाकीतला स्पंज त्या मानाने तग धरतो, म्हणून खेड्यात तोच बरा. लाइट जास्त वेळ गेली की पोरगा तांब्याने टाकीतलं पाणी वर घेऊन उंचावरून परत सोडायचा. स्पंज मळला तर नळाखाली धरायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.

चौतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर. निम्मं पाणी काढून परसातल्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, घातलं, कारण नायट्रेट म्हणजे खतच. टाकीत तेवढंच शिळवलेलं पाणी भरलं. या खेपेला गोल्डफिश घेतले नाहीत. जड आणि किंचित खारं पाणी मानवणाऱ्या काळ्या मॉली घेतल्या, त्याही दोनच. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या खुराकाइतकीच राहते, एकदम सहा मासे सोडले तर अमोनिया पुन्हा चढेल. पुढच्या दोन मॉली पंधरा दिवसांनी आणायच्या ठरल्या आहेत, आणि तोवर वहीत रोज आकडे लिहिले जात आहेत.